कॉफीच्या बरण्या

आगीसाठी भरती झालो होतो मी.
शिडी, दोर, धुरात पोटावर सरपटणं
सगळं शिकवलं ब्राझिलियाच्या अग्निशमन दलानं
आणि दर मंगळवारी धाडलं
दूध गोळा करायला.

सायरन नाही. मागे बर्फाची पेटी.
सेलांडियाच्या गल्ल्यांतून लाल धूळ,
दारात ओल्या केसांची जुसिलेनी,
काखेत पोर, हातात बरणी.
कॉफीचीच, लेबल खरवडलेली,
उकळत्या पाण्यातून काढलेली.
तळाशी दोन बोटं गोठलेलं दूध
आणि पेन्सिलीनं लिहिलेली तारीख.

दर खेपेला विचारते,
'पातळ आहे का हो माझं?'
मी काय सांगणार, मला आग कळते.
नर्सबाईंनी पढवलेलं बोलून टाकतो:
कुणाचं पिवळसर असतं, कुणाचं निळसर,
वाया जाईल असं नसतं कुणाचंच.

पुढे डोंगरउतारावर, निळ्या फाटकाच्या घरी
ग्लाउसिया राहते.
तिथे हॉर्न वाजवत नाही मी.
आत कुणी झोपलेलं नसतं, तरीही.
पहिल्या दिवशी बरणी देताना म्हणाली होती,
'बाळ गेलं, हे छातीला कोण सांगणार?
ती आपली वेळेवर भरून येते.'
मी पावतीवर नाव लिहीत राहिलो.
एवढंसं नाव, किती वेळ लागला.

हॉस्पिटलात काचेपलीकडे
नऊशे ऐंशी ग्रॅमची एक मुलगी.
तिला अजून नाव नाही,
पाटीवर आईचंच: इव्हानेटची.
पोट द्राक्षाएवढं.
नाकातून नळी, दर तीन तासांनी
दोन मिलिलिटर.
दोन!
मला वाटलं होतं बरणीभर लागत असेल.
नर्सबाई हसल्या, 'अहो, एका बरणीत
दहा जणांचा दिवस निघतो.'
मग सिरिंज उभी धरली
आणि दट्ट्या न दाबता
दूध आपल्या वजनानं उतरू दिलं.
आम्ही दोघं बघत उभे.
चुलीवर काही ठेवून बघावं तसे.

घरी बाबा.
पियाउईच्या दुष्काळात जन्मलेला,
आईला दूध उतरलं नाही म्हणून
गुळाच्या पाण्यावर, कसाव्याच्या पिठाच्या पेजेवर जगलेला.
त्याच्या मागची दोघं त्याच पेजेवर जगली नाहीत.
एकोणिसाव्या वर्षी ट्रकच्या टपावर बसून आला,
ही राजधानी उभारायला.
डबाभर भात, डबाभर घेवडा,
तोही उन्हात उभ्यानं,
आणि रात्री पुन्हा भूक.
आईच्या भाषेत, त्याच्या पोटात सिमेंट कालवायचं यंत्र होतं.

आता साधं पाणीही ठसका लावतं त्याला.
पाण्यात पावडर घालून दाट करतो मी,
चमच्यानं भरवतो, हनुवटी खाली धरून.
'गीळ. पुन्हा गीळ.'
तो तोंड वाकडं करतो,
'फिरून पेजच आली की रे नशिबी, एदिवान.'
आणि घोट उतरेपर्यंत
माझंच गळ्याचं हाड वर-खाली होतं.

ऑगस्टमधला मंगळवार.
ग्लाउसियानं बरणी दिली, तळ जेमतेम झाकलेली.
'आटलं,' म्हणाली, 'एवढंच.'
तारीख घातली नव्हती. पेन्सिल सापडेना,
मग माझ्याच पेनानं घातली, तिनं.
फाटक लोटताना विचारलं,
'अशा एवढ्याशानं कुणाचं काय होणार?'
मी दोन बोटं वर केली.
'दोन मिलिलिटर,' म्हटलं,
'बाई, ती एवढंच मागते.'

हमरस्त्याला लागलो तर
डावीकडे सगळं माळरान पेटलेलं.
रेडिओवर माझ्याच तुकडीची नावं,
एकेक करून, माझं सोडून.
पाय आपसूक दाबत होता,
तेवढ्यात मागे बरण्या किणकिणल्या.
मी वेग चाळीसवर आणला
आणि धुराला बगल देऊन
हळूहळू निघून गेलो.