सोबत मिसरी

नीमचच्या मंडीत
असगंधाच्या ढिगाभोवती बसतो आम्ही बाया,
तोंडाला ओढण्या बांधून.
मूळ उचलायचं, माती झटकायची,
अंगठ्याने मोडायचं.
कट्ट वाजलं आणि आत पिठासारखं पांढरं निघालं
तर डावीकडे.
वाकलं, चिवट निघालं, तर मागच्या पोत्यात.
संध्याकाळी शेठ येतो
आणि डावीकडचंच तेवढं मोजतो.

वास मात्र दोन्हींना एकच.
घामेजल्या घोड्याचा.
साज उतरवल्यावर पाठीवरून जी वाफ निघते, तिचा.
नव्या पोरी नाक मुरडतात.
मी त्या वासातच वाढले,
स्टेशनसमोर, मिसरीच्या पायांत.

मिसरी आमची घोडी.
खडीसाखरेसारखी पांढरी, म्हणून मिसरी.
चित्तौडची शेवटची गाडी येईपर्यंत
टांग्याला जुंपलेली, उभ्याउभ्या डुलक्या घेणारी.
मग बॅटरीच्या रिक्षा आल्या.
सवाऱ्या गेल्या, हरभरा निम्म्यावर आला,
आणि चढाला तिचे गुडघे थरथरू लागले.

त्या हिवाळ्यात मी चोरी केली.
रोज मूठभर चुरा, ओढणीच्या गाठीत.
शेठच सांगायचा गिऱ्हाइकांना,
याने माणसाला घोड्याचं बळ येतं.
घोड्याला कशाने येतं ते कोण सांगणार?
कोंड्यात कालवून तिच्यापुढे ठेवलं.
तिने हुंगलं.
कान टवकारले,
मान वळवून मागच्या अंधारात पाहिलं
आणि खिंकाळली, पोटातून, लांबवर,
जसं दुसरं एखादं घोडं आलंय तबेल्यात
आणि दिसत कसं नाही.
तीनदा.
मग कोंड्याला तोंड न लावता
रात्रभर दाराकडे बघत उभी.

होळीनंतर अब्बांनी तिला कुणाला दिली,
केवढ्याला दिली,
मी विचारलं नाही.

आता अब्बांच्या हातून पेला सुटतो.
जिन्यात मध्येच बसतात आणि म्हणतात,
बूट चावतोय.
पायात चप्पल असते.

वैद्य पुरोहितांनी नाडी धरली, डोळे मिटले.
अशक्तपणा आहे. वय आहे.
असगंधाचं चूर्ण, रात्री, कोमट दुधातून.
चिठ्ठीवर लिहिता लिहिता पुढे म्हणाले,
सोबत मिसरी.

अब्बांनी झटकन वर पाहिलं.
"साखर हो," मी म्हणाले, "साखरेचे खडे."
"हां हां," ते म्हणाले,
आणि चप्पल शोधू लागले, जी पायातच होती.

चूर्ण मी विकत आणलं.
डब्यावर उधळलेला घोडा,
आत कदाचित माझ्याच अंगठ्याने मोडलेली मुळं.
किंमत, अर्ध्या दिवसाची मजुरी.

काल रात्री त्यांनी पेला ओठांशी नेला
आणि नाकाशीच थांबवला.
बराच वेळ.
दुधावर साय धरली.
मग त्यांची मान हळूच दाराकडे वळली.

"हुरमत," म्हणाले,
"कडी काढून ठेव."

मी काढली.
थंडी आत आली.
दूध पुन्हा तापायला ठेवलं.