पौषात छप्पर उघडू नये

कवेलू फेरायचे ते वैशाखात.
हे मला बापाने सांगितलं, त्याला कोणी ते माहीत नाही.
पण वानरांना पंचांग कळत नाही.
परवा मुंजेवारांच्या छपरावर टोळी नाचून गेली
आणि सत्यभामाबाईचा निरोप आला :
आडकूजी, चुलीवर आभाळ दिसते.

शिडी लावली. आठ वाजून गेलेले,
तरी कवेलू विहिरीच्या दोरासारखे गार.
हात फुंकत चढलो,
माझ्याआधी गुडघे बोलले.

पहिला कवेलू उचलला तर खाली गांधीलमाश्या.
वीस-बावीस. एकमेकींत पाय गुंतवून,
हळदीत बुडवून काढलेल्या काड्या जशा.
जेठात यांच्यातल्याच एकीने
माझा कान भाकरीएवढा केला होता.
आता बोट लावलं
तर तिने एक पाय उचलला आणि परत ठेवला,
शाळेच्या वेळेला पोरगं
गोधडीतून हात काढतं, तसा.

पुढच्या ओळीत पाल, शेपूट नसलेली.
तिच्यापलीकडे पाकोळी, सुपारीएवढी,
स्वतःलाच उराशी धरून.
वाशाच्या खोबणीत कुंभारणीची मातीची घरं,
दारं लिंपून बंद.
आढ्याजवळ धामणीची कात होती.
वाऱ्याने हलली, तेव्हा घटकाभर मीच हललो नाही.

चाळीस वर्षं मी या गावाची छपरं पाहिली.
खालून घर म्हणजे माणसं, भांडी, देव, भांडण.
वरून निराळं.
देवमन आणि त्याचा भाऊ बोलत नाहीत एकमेकांशी,
मधल्या भिंतीवरची उंदरीण मात्र
दोन्ही खोल्यांतला कापूस ओढून
पिलांना एकच गादी करते.
कापसाबरोबर घरात आलेल्या लाल ढेकण्या
रात्रभर माणसांना खाजवायला लावतात,
आणि सकाळी कवडशात येऊन बसतात
निवांत, मोजता येतील अशा.
हे मी कुठे बोललो नाही.
कोणी विचारलंही नाही.

"काय हाय जी वर?"
सत्यभामाबाई अंगणात, कपाळावर हात धरून.
"काही नाही वं. तीन फुटले. वानरंच."
खोटं नव्हतं ते.
अर्धं होतं.

तीन बदलले.
चौथा, ज्याच्याखाली त्या होत्या,
त्यालाही तडा होता, केसाएवढा.
तो होता तसाच ठेवला.
पडेल एखादा थेंब दवाचा, तिच्या पिठाच्या डब्यावर.
उतरल्यावर म्हटलं, वैशाखात येतो परत,
मजुरी तेव्हाच दे.
तिने चहा दिला. वर पाहिलं. काही बोलली नाही.

माझ्या घरावर आता स्लॅब आहे.
पोराने घातला, घरकुलाचे पैसे आणि वर त्याचे.
गळत नाही.
थंडी मात्र सरळ माणसावर येते,
मधे कोणी नसतं.
लाइट गेली की मी ऐकत पडतो.
खरवडणं नाही, सरसरणं नाही,
फ्रिजसुद्धा गप्प.

जुने दोनशे कवेलू मागे रचून ठेवलेत.
पोरगा म्हणतो, विका, नाहीतर फेका.
म्हटलं, लागतील.
कोणाला, ते त्याने विचारलं नाही.

काल जेवणानंतर मोबाइलची बॅटरी लावून
वाकून पाहिलं.
खालून चौथ्या थरात, कवेलूच्या पोटात,
बेडूक.
मातीच्याच रंगाचा. गळा हलत नव्हता.
थांबलो. बराच वेळ.
आतून सून हाक मारत होती.
मग एकदा हलला.

बॅटरी विझवली.
चपला हातात घेऊन आत आलो.