खरवडण्याचा आवाज

द्राक्षं तोडायच्या आधी रांजण धुवायचे असतात.
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, माणसाहून उंच,
तोंड एवढंच, की खांदे तिरके करून आत शिरावं.
तामाझ उतरतो. मी वर, गुडघ्यांवर:
बादली, दोर, राखेचं पाणी,
चेरीच्या सालींचा घासणा.

आधी मेणबत्ती सोडायची. ती जळत राहिली तरच माणूस.
आणि आतल्यानं सतत आवाज करायचा,
गाणं म्हणा, आकडे म्हणा, काहीही,
म्हणजे वरच्याला कळतं, आत हवा आहे.
आमच्या काखेतीत हे पोरासोरांना ठाऊक.
माझ्या आत्याचा नवरा एकदा कडव्याच्या मध्येच थांबला होता.

यंदा गाण्याऐवजी भांडण होतं.

गुरामला पुन्हा सहाशे लिटर वाइन उधार कबूल केली,
गेल्या सालचे पैसे अजून त्याच्या मिशीत अडकलेत,
आणि मला कळलं कुठे, तर पावाच्या भट्टीपाशी,
गुरामच्या बायकोकडून.

"मला विचारलं नाहीस," मी म्हटलं.
"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस!" रांजण गरजला.

तामाझचा आवाज मुळात मध्यम, जरा नाकातला.
मातीच्या पोटातून वर येईतो त्याचा वळू होतो.
हे मला ठाऊक होतं.
तरी नाकाला मिरच्या झोंबल्याच.
सत्तावीस वर्षांत एक गणित शिकले आहे:
त्याच्या ओरडण्यातून रांजणाचा वाटा वजा करायचा,
मग उरेल त्याला उत्तर द्यायचं.
कधी रांजण म्हणजे त्याची कंबर. कधी बँकेचं पत्र.
वजाबाकी नेहमी जमतेच असं नाही.

माझ्याकडेही एक वाक्य होतं.
त्याच्या वडिलांबद्दलचं,
त्यांनी पत्त्यांत घालवलेल्या खालच्या मळ्याबद्दलचं,
लहानसं, धार लावून ठेवलेलं.
मी वाकले, तोंड रांजणाच्या तोंडाशी नेलं
आणि आतून माझाच श्वास परत आला,
फुगून, दमट,
रात्रीच्या कांद्याच्या वासासकट.

म्हणजे मीही खाली अशीच पोचत असणार.
डोक्यावरून. पळायला जागा नसलेल्या माणसाला.

वाक्य गिळलं. गोड लागलं नाही.
म्हटलं, "पाणी सोडते."

बादली टेकली. दोर सैल पडला.
कुणी ती घेतली नाही.
घासणंही थांबलं होतं, केव्हापासून कोण जाणे.

"तामाझ."
दारातून डोंगरावरचा बर्फ दिसत होता, स्वच्छ, निरुपयोगी.
"तामाझ, बोल. शिवी दे. माझ्या भावाला दे हवं तर."
एक चप्पल काढली. दुसरी निघेना.
शिडीवर पाय ठेवला, शेजारच्या नुक्रीला हाक मारायला तोंड उघडलं...

"विचार करतोय," खालून आलं,
हळू, नाकातलं, रांजण नसलेलं.
"तुझं कुठवर बरोबर आहे, ते बघतोय."

"मग बघ! पण आवाज करत बघ, गाढवा!"
माझे हात थरथरत होते आणि मला हसू येत होतं,
दोन्ही एकदम.

जरा वेळानं भिंतीवर साल फिरली.
खर्र.
मग थांबून, खर्र.

गुरामचं मिटलेलं नाही. सहाशेचे तीनशे झाले,
तेही मला मान्य नाहीत, आणि मी ते दर रविवारी सांगते.
पण आता स्वयंपाकघरात, आवाज चढले की
तो मध्येच गप्प होतो, नजर मिठाच्या भांड्यावर,
आणि नखानं टेबलाची कड खरवडतो.
पूर्वी त्या शांततेत मी काय काय ओतायचे:
त्याची बहीण, लग्नातली अंगठी, सगळी जुनी मढी.
आता हात पुसते. थांबते.

माझी पाळी येते तेव्हा
रिकाम्या कपात चमचा फिरवते,
त्याला ऐकू जाईल इतपत.