बाकी

अंश वर, छेद खाली, मधे एक रेघ.
"ही रेघ कसली?" मी विचारते.
मागच्या बाकावरची दयिता पागी:
"भरतीची, बाई. खालचा खडक बुडालाय."

तळपणच्या शाळेत नऊ मुलं.
खिडकीबाहेर रापण ओढतायत,
दोरावर यांचेच काका, मामा.

पाव, पाऊण, सव्वा, अडीच
ही काट्यावरच शिकून आलेली.
दशांश चिन्ह मात्र पटत नाही कुणाला.
एवढासा ठिपका, आणि पस्तिसांचे साडेतीन?
"खवलं चिकटलंय, बाई. पुसा."

मग भागाकार.
सत्तेचाळीस बांगडे, आठ वाटे.
पाच-पाच येतात. बाकी सात.
सातांखाली मी दोन रेघा ओढते,
डस्टर उचलते.

"बाकी पुसू नका!"
दयिता उभीच राहिलेली.
"ती पुनो आजोची.
त्याच्यानं दोर ओढवत नाही आता.
पण येतो तो. वाळूत बसतो
वाटे संपेपर्यंत."

वर्ग गप्प.
बाहेर कुणीतरी जाळं झटकतं.

मग आम्ही ताळा केला:
आठ पंचे चाळीस,
अधिक पुनो आजोचे सात.
जुळलं.