व्हिएन्नाहून आल्यावर

खडेबाजारात मोनाप्पा मामा
चहा बशीत ओततात,
मोबाईल पुढं सरकवतात.
ह्यो राजवाडा. ह्योबी राजवाडाच.
आणि ह्यो मी, कॉफीपुढं.
पाचशे साठ रुपये बघ!
संगट पाण्याचा ग्लास, चांदीच्या तबकात.
तासभर बसलो,
ऊठ म्हणालं न्हाई कुणी.

मेनू वाचता आला?

कशाचा वाचतोय.
बोट ठेवलं, आलं ते खाल्लं.
सवय हाय की गा,
स्टँडवरच्या पाट्या बदलल्या तवापासनं
लोकांनाच विचारून चढतोय गाडीत.

आणि तिथलं गोड?

मामा बोलत नाहीत.
गल्ल्यापाशी पोऱ्या कुंदा बांधतोय,
दोरा दातानं तोडतोय.
'येष्टु, मामा?'
'अर्धा किलो,' मामा म्हणतात,
कन्नडमध्ये की मराठीत,
कळत नाही.