रविवार

अकरा पायऱ्या उतरलं की
फेब्रुवारीसुद्धा वरच राहतो.
ओदिल एप्रनच्या टोकाने बाटली पुसते,
बूच काढते, हुंगते, बोलत काही नाही.

व्होल्नेची, दोन वर्षांची.
रंग पातळ लाल,
कडेला जांभळा, मुक्या मारासारखा.

पहिला घोट: चेरी, मग चेरीची बी,
मग काहीच नाही –
कुणी आतून दार लोटून घ्यावं तसं.
नुसता तुरटपणा
हिरड्या धरून बसलेला.

"तासभर ठेवून बघू," मी म्हणतो.
तासाभराने ओल्या दगडाचा वास तेवढा वाढतो,
आणि खूप खाली, असेल-नसेल इतका, गुलाब.
"आत आहे कुणीतरी," ओदिल म्हणते,
"कडी काढत नाही एवढंच."

मग खडू घेऊन कप्प्यावर
साल लिहायला वळते.
बोटं मोजते. सात. आठ.
दहाशी हात संपतात.
ओदिल त्र्याऐंशीची आहे.
मी छताकडे बघतो; तिथे काळी बुरशी,
दुसरं बघण्यासारखं काही नाही.

लिहिलेले दोन आकडे अंगठ्याने पुसून
ती ठसठशीत लिहिते:
रविवारी. सशाच्या रश्शासोबत.
मोहरी जास्त घालून.