सहावा बोल्ट

आचाओच्या धक्क्यामागं, शेडमध्ये,
मशीन उताणं पडलंय.
अठरा घोड्यांचं, अमेरिकन,
माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.
काल त्याची गिअरपेटी सोडवली,
म्हणजे सोडवायला गेले.

पहिल्या बोल्टचं डोकं पान्यातच आलं.
दुसऱ्याचंही.
तापवलं, डिझेल पाजलं, रात्रभर मुरू दिलं,
हातोडीनं हळूच ठोकलं, मग हळूच नाही.
पाचही कारखान्यातले, पाचही अस्सल,
पाचही आपापल्या भोकात मरून बसलेले.
खारं पाणी दोन धातूंच्या मधे शिरलं
की कळ लावल्याशिवाय राहत नाही.

सहावा मात्र दोन बोटांनी फिरला.
सहा मिलिमीटरचा! पाव इंचाच्या भोकात!
त्याला गुंडाळलेली सार्डिनच्या डब्याची पट्टी,
वर मेंढीची चरबी, अजून वास असलेली.

दुसरं कोण करणार.
शिव्या घातल्या मी, मोठ्यानं, नावानिशी:
एलेउतेरिओ मान्सिया,
ह्याच्या भरवशावर अकरा हिवाळे
शाळेत नेलंत आम्हाला?
अंधारात, ओहोटीच्या उलट,
भावाचं दप्तर माझ्या मांडीवर,
तुम्ही मागं उभे, शीळ घालत?

शेडच्या छपरावर पाऊस पडत होता,
त्यानं काही माझी बाजू घेतली नाही.

दुकानात नोल्बेर्तोनं इंचांचा खण ओढला.
तो सगळ्यात खालचा, त्याला वाकावं लागतं,
आणि वाकताना तो माझ्याकडं असं बघतो
की इंच मीच शोधून काढलेत.
जस्ताचे स्वस्त, दोन हंगामांचे सोबती.
पितळ मऊ.
स्टेनलेस घे, म्हणाला, पण लक्षात ठेव,
ते स्वतः गंजत नाही,
शेजाऱ्याला खातं.
आट्यांना ग्रीस लाव. भरपूर. लाजू नकोस.
मी चरबीचं काही बोलले नाही.

मोजले तर पाचच निघाले.
सहावा पुंता अरेनासहून येईल,
बोट आली तर, गुरुवारी,
नाहीतर पुढच्या.

गुरुवारपर्यंत थांबले नाही.
पाच मुडदे ड्रिलनं उकरून काढले,
एकदा बिट मोडला, एकदा मी रडले,
दोन्ही बिटच्या किमतीवरून.
मग सहावं भोक जरासं मोठं केलं,
आठ मिलिमीटरचे आटे पाडले त्यात,
चकचकीत, नवेकोरे,
वडलांच्या चुकीच्या मापाचे.
म्हणजे जवळपास.

आता पाच बोल्टना एक पाना लागतो
आणि एकाला दुसरा.
दोन्ही होडीत बाकाखाली बांधून ठेवलेत.

मी नसताना
कुणीतरी ही पेटी उघडेल कधी,
पाच सुटतील, सहाव्याशी अडेल,
आणि माझं नाव घेऊन, पूर्ण नाव घेऊन,
सुरू करेल.
ग्रीस मी भरपूर लावलंय.